पूजेची वेळ आणि हुजुराचे बोलावणे : ‘भक्तविजय’ माळव्यात बसून वाचताना

भक्तिपरंपरेचा विषय आपल्या मंडळात निघाला की दोन वाक्ये हमखास कानांवर येतात. एक, भक्ती द्राविड देशात जन्मली आणि तिथून वर वर सरकत उत्तरेला गेली. दुसरे, माळव्यात ती मराठ्यांच्या घोड्यांमागून आली. पहिल्या वाक्याला भागवतमाहात्म्यातल्या त्या प्रसिद्ध रूपकाचा आधार असतो. त्यात भक्ती स्वतःच नारदाला आपली हकीकत सांगते : जन्म द्रविडात, वाढ कर्नाटकात, महाराष्ट्रात कुठे कुठे मान, गुजरातेत म्हातारपण आणि वृंदावनात पुन्हा तारुण्य. दुसऱ्या वाक्याला आपल्या इंदुरी मराठी अभिमानाखेरीज फारसा आधार नाही. राजवाड्याजवळ पंढरीनाथ नावाचा मोहल्ला आहे, तिथे विठोबा आहे, तो होळकरांसोबत आला, म्हणून भक्तीही त्यांच्यासोबत आली, असा तो हिशेब. दोन्ही वाक्यांत रस्ता एकेरीच आहे, फक्त वाहने वेगळी.

या दोन्ही वाक्यांना मोडता घालणारे पुस्तक आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी देवघराच्या फळीवर आहे. महिपतिबुवा ताहराबादकरांचा ‘भक्तविजय’. पारायण होते, पूजा होते, पण पुस्तक म्हणून ते कोणी वाचत नाही. मीही वाचले नव्हते. आजीच्या तोंडून ऐकले होते, म्हणजे वाचलेच असे धरून चाललो होतो. पन्नाशीनंतर एकदा पेन्सिल हातात घेऊन वाचायला बसलो आणि बऱ्याच समजुती खाली ठेवाव्या लागल्या.

आधी सालांचे बघू. महिपती 1715 चे, गेले 1790 मध्ये. नगर जिल्ह्यातल्या राहुरीजवळच्या ताहराबादचे कुलकर्णी. ‘भक्तविजय’ शके 1684 चा, म्हणजे इसवी 1762, पानिपताच्या दुसऱ्याच वर्षाचा. ‘संतलीलामृत’ 1767 चे, आणि त्याच वर्षी अहिल्याबाईंनी इंदूरचा कारभार हाती घेतला. अहिल्याबाई चौंडीच्या, त्यांचा जन्म 1725 चा. म्हणजे एकाच नगर जिल्ह्यातली, दहा वर्षांच्या अंतराने जन्मलेली ही दोन माणसे. एक माळव्यात आली आणि तिने पंढरपुरापासून काशीपर्यंत देवळे, घाट, धर्मशाळा बांधल्या. दुसरा गावातच राहिला आणि त्याने काशीपासून पंढरपुरापर्यंतचे भक्त एका पोथीत आणून बसवले. दोघांच्या नकाशांवर गावे जवळजवळ तीच आहेत.

भक्तविजयाचे सत्तावन्न अध्याय. त्यात ज्ञानदेव, नामदेव, चोखामेळा, जनाबाई, एकनाथ, तुकाराम हे असणारच. पण त्यांच्याच पंगतीला जयदेव, तुलसीदास, कबीर, रोहिदास, मीराबाई, नरसी मेहता, पिपाजी बसलेले आहेत. हे पिपाजी गागरोणचे. गागरोणचा किल्ला झालावाडजवळ, आहू आणि काळीसिंध यांच्या संगमावर. ही काळीसिंध आपल्या देवास जिल्ह्यात, बागलीच्या बाजूला उगम पावते. म्हणजे ताहराबादचा कुलकर्णी आपल्या दारावरून वाहणाऱ्या नदीकाठच्या राजाची कथा मराठी ओवीत सांगतो आहे, आणि आपण इथे बसून म्हणतो आहोत की भक्ती आम्ही इकडे आणली!

महिपतींनी आपले आधारही लपवलेले नाहीत. पहिल्याच अध्यायात ते दोन नावे घेतात. उत्तरेचे नाभाजी आणि माणदेशातले उद्धवचिद्घन. नाभाजींची भाषा त्यांनी ‘ग्वाल्हेरी’ म्हणून सांगितली आहे. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आज ज्याला आपण ब्रज म्हणतो त्या काव्यभाषेला त्या काळी दक्षिणेत ग्वाल्हेरी म्हणत. हरिहरनिवास द्विवेदींनी ‘मध्यदेशीय भाषा (ग्वालियरी)’ या पुस्तकात याच नावाची बाजू घेतली आहे. मथुरा-वृंदावनच्या लोकांना ते पटणार नाही, तो त्यांचा प्रश्न. आपल्या दृष्टीने मुद्दा इतकाच की 1762 साली नगरच्या एका खेड्यात बसलेल्या माणसाला उत्तरेकडची भाषा म्हटल्यावर ग्वाल्हेर आठवते. अयोध्या नाही, काशी नाही.

आता नाभादासांच्या ‘भक्तमाल’ची रीत अशी की बहुतेक भक्तांना एकेक छप्पय, म्हणजे सहा ओळी. सहा ओळींत काय मावणार? नाव, खूण आणि एखाद्या प्रसंगाकडे बोट. प्रसंगाचा विस्तार पुढे प्रियादासांनी आपल्या ‘भक्तिरसबोधिनी’ या टीकेत केला, 1712 साली. महिपती नाव नाभाजींचे घेतात, पण त्यांच्या गोष्टींचा फुलोरा सहा ओळींतून निघालेला नाही. मूळ छप्पय, त्यावरची टीका आणि ती घोळवून सांगणारे कथेकरी, असा सगळा जथा त्यांच्यापर्यंत पोहोचलेला दिसतो. बैरागी, गोसावी, नाशिकचा सिंहस्थ, बऱ्हाणपूर-असीरगडावरून नर्मदा ओलांडणारी वाट, आणि 1730 नंतर त्याच वाटेने वर-खाली करणारी फौज. बाजीरावाने मल्हाररावांना माळव्यात मुलूख दिला तेव्हा महिपती विशीचेही नव्हते. ज्या वाटेने नगर-पुण्याची पोरे रोजगाराला वर गेली, त्याच वाटेने पिपाजी खाली आले.

इथपर्यंत कौतुक झाले. आता टीका, कारण हा लेख तेवढ्यासाठीच आहे.

भक्तविजय इतिहास म्हणून वाचणाऱ्यांची एक जुनी पद्धत आहे. मी तिला चाळणी म्हणतो. गोष्ट घ्यायची, त्यातला चमत्कार चाळून काढायचा, आणि खाली उरेल त्याला इतिहास म्हणायचे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’मध्ये संतांवर प्रकरण लिहिले, तेव्हा त्यांचा मुख्य साठा महिपतींचाच होता. चमत्कार बाजूला ठेवून त्यांनी युरोपातल्या धर्मसुधारणेशी तुलना मांडली. राजवाडे बरोबर उलट्या टोकाला गेले, संतांनी महाराष्ट्राला निष्क्रिय केले म्हणाले. भांडण मोठे झाले, अजून चालू आहे. पण माझ्या मते दोघांच्याही डोळ्यांसमोर जो संत उभा आहे तो बराचसा महिपतींनी घडवलेला आहे : नम्र, सोशिक, देवावर भार टाकलेला. रानड्यांना त्यात सुधारक दिसला, राजवाड्यांना टाळकुट्या. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या माणसाला अठराव्या शतकाचे कपडे आहेत, हे मात्र दोघांच्याही भांडणात मागे पडले.

चाळणीत दुसरा दोष आहे. प्लॅस्टर खरवडले की आतली वीट मूळ बांधकामाचीच असेल असे नाही. तीही कोणी मागाहून बसवलेली असू शकते. उदाहरण भानुदासांचे. विजयनगरच्या राजाने विठ्ठलमूर्ती नेली आणि भानुदासांनी ती पंढरपुरात परत आणली, ही कथा. चमत्कार काढला तर उरते काय? राजा, मूर्ती, प्रवास. झाला इतिहास! पण महिपतींच्या कथेतला राजा रामराजा आहे. भानुदास हे एकनाथांचे पणजोबा. एकनाथांचा जन्म साधारण 1533 चा, तेव्हा पणजोबांचा काळ पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि फार तर सोळाव्याची सुरुवात. रामरायाच्या हाती सत्ता आली 1542 च्या पुढे आणि तो पडला 1565 साली तालिकोटला. गणित जुळत नाही. मग रामराजाच का? कारण महाराष्ट्राच्या आठवणीत विजयनगर म्हणजे शेवटचा, लढाईत पडलेला रामराजा. पुढच्या लेखकांनी तिथे कृष्णदेवराय बसवला आणि गणित दुरुस्त केले. पण ही दुरुस्ती आपण केली, कागदाने नव्हे. गोष्टीतला चमत्कार नसलेला भागच इथे सैल निघाला.

मग वाचायचे कसे? मला वाटते चमत्कार काढू नये. तो गोष्टीत नेमका कुठे बसवला आहे ते बघावे. तुळईवर भार कुठे येतो ते बघितले की घर कसे उभे आहे ते कळते, तसे.

सेना न्हावी घ्या. याच्या दोन आवृत्त्या समोरासमोर ठेवता येतात, असे भाग्य फार थोड्या कथांना लाभते. उत्तरेत सेन हा बांधवगडच्या राजाचा न्हावी आणि रामानंदांचा शिष्य. आदिग्रंथात सेनाचे एक पद आहे आणि त्यात रामानंदांचे नाव येते. मराठीत सेना वारकरी, पंढरीचे अभंग लिहिणारा. माणूस एक की दोन, या वादात मी पडत नाही. गोष्ट मात्र एकच आहे : सेना राजाकडे वेळेवर जाऊ शकत नाही, देव त्याचे रूप घेऊन जातो, राजाची सेवा करून येतो. आता प्रियादास आणि महिपती यांच्यात फरक कुठे पडतो ते बघा. प्रियादासांचा सेन राजवाड्याकडे निघालेला आहे. वाटेत साधू भेटतात, तो त्यांना घरी घेऊन येतो, त्यांच्या सेवेत वेळ जातो. महिपतींचा सेना घरी पूजेला बसलेला आहे आणि राजाचे बोलावणे येते. बायको घरात नाहीत म्हणून सांगते. पुन्हा बोलावणे. कोणीतरी चुगली करतो की घरातच आहे, पूजा करतोय. राजा संतापतो, बांधून नदीत टाकण्याचा हुकूम देतो. मग देव धोकटी उचलतो. तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसते ते त्यानंतर.

प्रियादासांच्या कथेत ओढाताण आहे ती राजसेवा आणि साधुसेवा यांच्यात. महिपतींच्या कथेत ती सरकारी हुकूम आणि पूजेची वेळ यांच्यात आहे. शिपाई, दुसरे बोलावणे, चुगलखोर, शिक्षा, हा सगळा कचेरीचा वास मराठी आवृत्तीत आहे.

आणि आता महिपतींच्या स्वतःच्या चरित्रातली सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आठवा. ते पूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला. त्यांनी पूजा आटोपली, मग गेले, काम करून दिले, घरी परत आले आणि लेखणी देवापुढे ठेवून शपथ घेतली की यापुढे ही संतचरित्राखेरीज कशासाठी चालणार नाही. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी हे ऐकल्यावर ताबडतोब म्हटले, “म्हणजे त्यांनी स्वतःचा अनुभव सेन्याच्या गोष्टीत घातला.” शक्य आहे. पण उलटेही तितकेच शक्य आहे. महिपतींचे चरित्र सांगणाऱ्यांनी सेन्याची गोष्ट ऐकलेली होती, आणि संतचरित्रकाराच्या आयुष्याला संताच्या गोष्टीचा साचा लावणे ही आपली फार जुनी सवय आहे. तुकारामांनी स्वप्नात येऊन आज्ञा केली, ही गोष्ट याच साच्यातली, तुकारामांच्याच चरित्रातून उचललेल्या साच्यातली.

मला दोन्ही शक्यतांपेक्षा एक छोटा फरक महत्त्वाचा वाटतो. सेन्याच्या ऐवजी देव गेला. महिपतींच्या ऐवजी कोणी गेले नाही. ते स्वतः गेले, हिशेब लिहून दिला, आणि मग काम सोडले. ही गोष्ट रचणाऱ्यानेदेखील तिथे चमत्कार घालायचे टाळले. का टाळले असेल याचा विचार मी बरेच दिवस करतो आहे.

एकदा हा धागा हाती आला की भक्तविजयात तो जागोजाग दिसतो. देव हजेरी भरतो. जनाबाईचे दळण, नाथांच्या घरचे पाणी, सेन्याची धोकटी. आयुष्यभर बांधकामाच्या मस्टरवर सह्या केलेल्या माणसाला हे जरा जास्तच दिसत असेल, कबूल. पण या देवाचे काम पाहिले तर ते मुक्ती देण्याचे फार कमी आणि बदली कामगाराचे फार जास्त आहे. भक्त कामावरून उठतो, देव त्याच्या जागी उभा राहतो, आणि काम थांबत नाही. मालकाचे नुकसान होत नाही. राजाची दाढी होते.

माझी तक्रार इथूनच सुरू होते, आणि ती दामाजीपंतांच्या कथेत सर्वांत तीव्र होते. मंगळवेढे, दुष्काळ, बेदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार, आणि त्याचा अधिकारी दामाजी. पंढरपूरचा एक भुकेला ब्राह्मण जेवायला बसतो आणि घरची उपाशी मुले आठवून त्याला रडू फुटते. इथून सुरुवात होते आणि शेवटी दामाजी सरकारी कोठार लोकांसाठी उघडतो. माझ्या वाचनात मराठी कथांमध्ये याच्या तोडीचे दुसरे कृत्य चटकन आठवत नाही. सरकारी मालाचा असा वापर करणाऱ्याला आजही निलंबित करतील. बेदरला खबर जाते, दामाजीला पकडून नेतात. मग विठोबा विठू महार होऊन बेदरला जातो, थैली रिकामी करतो, धान्याची पूर्ण किंमत भरतो आणि पावती घेतो. पावती दामाजीच्या गीतेच्या पोथीत सापडते.

काय झाले बघा. कोठार उघडले तेव्हा एक प्रश्न उभा राहिला होता : माणसे मरत असताना धान्य कोणाचे? पावती मिळाली आणि प्रश्न मिटला. धान्य बादशहाचेच होते, त्याची किंमत चुकती झाली. जमाखर्च बरोबर जुळला. ही पावती कुलकर्ण्याच्या मनातली आहे. महिपतींच्या घराण्याचे मूळ मंगळवेढ्याचेच सांगतात, तेव्हा ही कथा त्यांना घरचीच. दप्तरात खाडाखोड नको, शिलकेत तफावत नको, अशी ज्याची सारी जडणघडण, तो देवाला सुद्धा पावती घेतल्याशिवाय परत येऊ देत नाही. वाचताना मला हसू आले आणि मग हसू आले याचे जरा वाईट वाटले.

आणि विठू महार? त्याच्या वेशात देव आला हे कथेचे वैभव, याबद्दल दुमत नाही. पण देव दरबारातून दिसेनासा झाला तसा विठू महारही कथेतून दिसेनासा होतो. पुढे बादशहा दामाजीची क्षमा मागतो, दामाजी नोकरी सोडून पंढरीला जातो. विठू महाराला काय मिळाले, हे पोथी विचारत नाही. ते महार समाजाच्या परंपरेने विचारले. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली, अशी आठवण त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, आणि एका परंपरेत तिचा धागा या विठू महाराशी जोडलेला आहे. म्हणजे एकाच गोष्टीला दोन कागद फुटले. कुलकर्ण्याच्या हाती पावती, महाराच्या हाती सनद. कोणी म्हणेल दोन्ही कागद काल्पनिक. असतील. पण कोणाला कोणता कागद हवा होता, हे त्यावरून कळते, आणि माझ्यासारख्याला इतिहास म्हणून तेवढे पुष्कळ आहे.

चोखामेळ्याचेही असेच. त्याच्या अभंगांत, त्याहून जास्त त्याच्या मुलाच्या, कर्ममेळ्याच्या अभंगांत, देवाला विचारलेले प्रश्न आहेत आणि त्यांना उत्तर मिळालेले नाही. अभंग संपतो, प्रश्न तसाच उभा. महिपतींच्या कथेत चोख्याला मार बसतो, देव त्याच्याकडे जेवतो, खूण पटते, मारणारे खजील होतात. प्रश्न सुटला. पण देवळाचे दार? ते 1947 साली साने गुरुजींनी उपोषण केल्यावर उघडले. कथेतल्या पुजाऱ्यांना खूण पटून जवळजवळ दोनशे वर्षे झाली होती आणि पारायणे अखंड चालू होती. महिपतींवर याचा दोष टाकणे अन्यायाचे होईल. मी म्हणतो ते एवढेच की अभंग आणि चरित्र हे दोन वेगळे कागद आहेत, वेगळ्या हातांचे, वेगळ्या शतकांचे. अभंगातला चोखा आणि ओवीतला चोखा एकच समजून भाषण ठोकू नये. आपल्या मंडळात हे झालेले आहे, त्यात मीही होतो.

एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. महिपतींनी हा विस्तार केला नसता तर सेना, दामाजी, पिपाजी आज मराठी घरात असते का? नसते. जस्टिन अ‍ॅबट आणि नरहर गोडबोले यांनी 1933 च्या सुमारास भक्तविजयाचे इंग्रजी भाषांतर काढले ते ‘भारतीय संतांच्या कथा’ अशा नावाने, महाराष्ट्रीय संतांच्या नव्हे. ते नाव अगदी बरोबर निवडले. नामदेवांची 61 पदे आदिग्रंथात गेली, नाभादासांनी ज्ञानदेव-नामदेवांना आपल्या माळेत घेतले, आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी महिपतींनी ती माळ मराठीत उलट आणली. या देवाणघेवाणीत माळवा वाटेवरचा मुक्काम होता. सोहिरोबानाथ आंबिये गोमंतकातून निघून ग्वाल्हेरला महादजींपर्यंत गेले, त्यांची स्तुती करायचे नाकारले आणि उज्जैनच्या बाजूला राहिले, ते याच काळात. त्यांच्यावर वेगळे लिहायचे आहे, इथे नुसते नाव.

प्रियादासांचा सेन आणि महिपतींचा सेना ओळीला ओळ लावून वाचायचे काम मी हाती घेतले आहे. ब्रज मला अडखळत येते, म्हणून कोणी जाणकार सोबत बसेल तर बरे. ज्या सभासदांच्या घरी भक्तविजयाची हस्तलिखित किंवा जुनी शिळाछाप पोथी असेल त्यांनी सेन्याचा अध्याय तेवढा फोनवर फोटो काढून मंडळाकडे पाठवावा. पोथी घराबाहेर काढायची गरज नाही. फोटो काढताना समासातल्या खुणाही येऊ द्याव्यात, कारण आमच्या आजीच्या पोथीत नेमके त्याच पानावर, राजाचे दुसरे बोलावणे येते तिथे, कोणीतरी काळ्या शाईने एक आडवी रेघ ओढून ठेवलेली आहे.